जहाज बुडवाल, पण प्रवाळाचे बेणे कुठून आणाल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ बुडवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची, या प्रकल्पाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. पर्यटन किती वाढेल, होड्यांना आणि हॉटेलांना किती धंदा मिळेल, याचीच चर्चा त्यात जास्त. त्या लोखंडावर प्रवाळ येणार कुठून, हे कोणी विचारताना दिसत नाही. बसायला जागा मिळाली की प्रवाळ आपोआप उगवतात, असा बहुतेकांचा समज असावा. त्या जागेवर येऊन बसायला प्रवाळाची पिल्ले पाण्यात असावी लागतात, आणि पिल्ले हवीत तर जवळपास निरोगी जनक वसाहती (एकत्र वाढलेल्या असंख्य छोट्या प्रवाळ-जीवांचे झुबके) लागतात.

मी पलूसकडचा ऊस रोपवाटिकावाला. मालवणची सहल सोडली तर समुद्राशी माझा काही संबंध नाही. तरी या विषयात तोंड घालतो आहे, कारण प्रवाळाच्या पुनर्लागवडीतला मुख्य वाद आम्हाला घरचाच वाटतो: कांडी की तुरा, म्हणजे उसाचा फुलोरा?

ऊस आपण कांडीने लावतो. एक डोळा ट्रेमध्ये कोकोपीटवर ठेवला की महिना-सव्वा महिन्यात रोप हातात. हजार रोपे म्हणजे तोच एक ऊस हजार वेळा. हवा-पाणी साथ देते तोवर याच्याइतके सोयीचे काही नाही. पण त्या वाणाला न झेपणारा रोग आला की सगळा फड एकदमच बसतो. नवा वाण कांडीतून निघत नाही. त्यासाठी तुरा यावा लागतो, दोन वेगळ्या उसांचा संकर करून बी धरावे लागते, आणि हजारो रोपे तपासली तर त्यातले एखादे कामाचे निघते. शेतकरी तुरा पाहून कपाळाला हात लावतो, पैदासकार त्याच तुऱ्यासाठी वर्षभर थांबलेला असतो. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने १९१८ मध्ये दिलेला को २०५ हा वाण गोड उसाच्या रानटी उसाशी केलेल्या संकरातून आला. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे संकर केंद्र आंबोलीला आहे. म्हणजे याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात उसाचा तुरा धरणारी माणसे बसलेली आहेत.

प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याचेही दोन मार्ग आहेत. तुकडा तोडून लावला की तो वाढतो. फ्लोरिडातील मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांनी दाखवून दिले की दगडी प्रवाळाचे अगदी नखाएवढे तुकडे केले तर ते एरवीपेक्षा कितीतरी पट वेगाने वाढतात आणि एकाच वसाहतीचे असतील तर पुन्हा एकमेकांत मिसळतात. मन्नारच्या आखातात तुतिकोरिनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था दोन दशकांहून अधिक काळ तुकड्यांची पुनर्लागवड करते आहे. मालवणलाही असे प्रयोग झाले आहेत. हे काम चांगलेच आहे. पण ती कांडीची लागवड आहे, एवढे भान ठेवावे.

तेवढ्यावर भागत नाही, हे फ्लोरिडात दिसले. तिथे स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न या दोन जातींचे तुकडे वर्षानुवर्षे समुद्रात वाढवून लावले जात होते. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतके तापले की मॅनेटी बे या उथळ उपसागरात ३८ अंश सेल्सिअसची नोंद झाली. लावलेले गेले, मूळचेही गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने या दोन्ही जाती तिथल्या प्रवाळभित्तीवर कार्यदृष्ट्या नामशेष झाल्याचे, म्हणजे भित्ती उभारण्याचे काम करण्याइतक्याही उरल्या नसल्याचे म्हटले. सगळा दोष तुकड्यांचा होता असे मी म्हणणार नाही, तेवढी उष्णता कशालाच झेपली नसती. पण उरलेल्या थोड्या जनकांतून पुढची पिढी घडवायची, तर पैदास करावीच लागते.

आणि ती पैदास मत्स्यालयात होते, हे मला सगळ्यात नवलाचे वाटते. बहुतेक प्रवाळ वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री, सूर्यास्तानंतरच्या ठरावीक वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर असा सामूहिक सोहळा होतो, हेच शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात कळले. टाकीतल्या प्रवाळाला ती रात्र कशी कळायची? लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी २०१२ पासून यावर काम केले. मूळ समुद्रातले वर्षभराचे तापमान, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा, चंद्राचे उगवणे-मावळणे, सगळे दिव्यांनी आणि संगणकाने टाकीवर हुबेहूब उभे केले. बाहेरचा उजेड आत शिरू द्यायचा नाही. माणसे आत गेली तरी लाल दिवा लावून. मग बंद खोलीतल्या प्रवाळांनीही आपली रात्र ओळखली.

हीच पद्धत वापरून टँपाच्या फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने ऑगस्ट २०१९ मध्ये अटलांटिकमधल्या पिलर कोरलची प्रयोगशाळेत पैदास केली. जगात ते पहिल्यांदाच घडले. या जातीत नर आणि मादी वसाहती बहुधा वेगळ्या असतात. समुद्रात त्या इतक्या विरळ झाल्या होत्या की एकाचे शुक्राणू दुसऱ्याच्या अंड्यापर्यंत पोचण्याची आशाच उरली नव्हती. टाकीत त्यांना शेजारी ठेवता आले.

पुढचे काम आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. फलित अंड्यांतून निघालेली पिल्ले काही दिवस पोहतात, मग सिरॅमिकच्या चकत्यांवर बसतात. चकतीवर आधी गुलाबी चुनखडी शेवाळाचा थर धरवलेला असला तर चांगली बसतात. त्यांच्या पेशींत राहून अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल वेळेत मिळावे लागते. दुसरे, नको असलेले शेवाळ वाढले की पिल्लू त्याखाली गुदमरते, म्हणून ते खाणारे सी अर्चिन हे काटेरी समुद्री प्राणीही त्याच मत्स्यालयात वाढवतात. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ च्या साथीत लांब काट्यांचे अर्चिन नव्वद टक्क्यांहून जास्त मेले आणि प्रवाळांवर शेवाळ माजले, त्याचीही भरपाई यात होते. पिल्ले मोठी होईपर्यंत बहुतेक मरतातच. ट्रेमधली निम्मी रोपे गेली म्हणून हताश होणाऱ्याने या खोलीत पाऊल टाकू नये.

संकरही झाला आहे. होंडुरासच्या तेला उपसागरात फ्लोरिडापेक्षा गरम पाण्यात एल्कहॉर्न तगून आहेत. त्यांचे तुकडे फ्लोरिडात आणून तिथल्या एल्कहॉर्नशी पैदास केली आणि ती संकरित पिल्ले २०२५ मध्ये मायामीजवळच्या समुद्रात लावली. को २०५ च्या वेळी जो विचार झाला, तोच हा. उष्णतेत ती किती टिकतात हे काही उन्हाळे गेल्यावरच कळेल, त्यामुळे आत्ताच ढोल वाजवू नयेत.

सांगलीकराने यात पडायचे कारण काय, असे कोणी म्हणेल. २०१४ पासून फ्लोरिडात प्रवाळाच्या ऊती झडवणारा रोग पसरला. तेव्हा रोग पोचण्याआधी निरोगी वसाहती काढून अमेरिकेभरच्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत ठेवल्या गेल्या. त्यातले एक ओमाहाचे हेन्री डूरली प्राणिसंग्रहालय. नेब्रास्का राज्याला समुद्रकिनाराच नाही, तिथून समुद्र हजार किलोमीटरहून लांब. आपल्याकडून घाट उतरला की कोकण. खारे पाणी तर आरओच्या पाण्यात क्षार मिसळून बनवता येते, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. अडचण पाण्याची नाहीच. चिलर, पंप आणि दिवे चोवीस तास चालवणारी वीज ही खरी अडचण. आमच्याकडे थ्री-फेजचे वेळापत्रक पाहून मोटारी चालू करणाऱ्यांना हे सांगायला नको.

म्हणून माझी सूचना अशी. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचे, गेली काही वर्षे बंद आहे. ते किंवा सिंधुदुर्गातले कोणतेही नवे मत्स्यालय बांधताना काचेच्या बोगद्याआधी एक कुलूपबंद अंधारी खोली नकाशात धरावी, जिथे मालवणच्या जातींची पैदास होईल. त्याआधी एक कमी खर्चाचे काम आहे. मालवणचे प्रवाळ नक्की कोणत्या रात्री अंडी सोडतात याची स्थानिक नोंदवही हवी, कारण प्रत्येक समुद्राचे वेळापत्रक निराळे आणि आपल्याकडे मध्ये पावसाळ्याचे गढूळ पाणी. हंगामात रोज बुडी मारणारे तिथले स्कूबावाले आणि मच्छीमार हे काम कोणत्याही पाहुण्या संशोधकापेक्षा चांगले करतील. त्यांना त्याचे मानधन मिळावे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँकेसारखी प्रवाळांनी भरलेली बुडीत पठारे आहेत. २०२४ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले. अशी पाळी आपल्याकडे आली तर जनक वसाहती कुठे हलवायच्या, याची यादी आज कागदावर असायला हवी. आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी आणि ऊती संवर्धनाच्या प्रयोगशाळांनी अशा एखाद्या सुरक्षित टाकीची जबाबदारी मागून घ्यावी. निर्जंतुक खोलीत काम करण्याची शिस्त या प्रयोगशाळांकडे आधीच आहे.

मत्स्यालयातल्या पैदाशीने समुद्र थंड होणार नाही. पाणी तापतच राहिले तर सोडलेली पिल्लेही जातील, हे या क्षेत्रातले लोक स्वतःच सांगतात. बेणे जिवंत ठेवायला वेळ मिळतो, एवढाच त्यांचा दावा आहे आणि तो मला रास्त वाटतो.

हौशी मत्स्यपालकांसाठी एक गोष्ट. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या रांगेत. पैदाशीचे काम वनविभागाच्या परवानगीने संस्थांनीच करायचे आहे. घरच्या टाकीत हा प्रयोग करू नये. कोणी दुकानात ‘लाईव्ह कोरल’ म्हणून समुद्रातून काढलेला तुकडा पुढे केला, तर तो घेऊ नये आणि वनखात्याला कळवावे.

आपला,
एक ऊस रोपवाटिकाधारक,
पलूस, जि. सांगली