विंचवाची पिल्लं आईला खात नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत आईच्या त्यागाचा दाखला म्हणून विंचू आला होता. पाठीवरची पिल्लं आईलाच खातात आणि ती मुकाट सोसते, असं त्यात होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरही हे फिरत असतं. ऐकून डोळे पाणावतात, पण ते खरं नाही.

आमचं घर कणकुंबीच्या बाजूला. मिरगाआधी जळण भरताना कुजक्या ओंडक्याची साल सुटली की एखादा बारका विंचू हमखास निघतो. जेमतेम इंच-सव्वा इंच, काळपट, आणि पाट्याखाली सापडल्यासारखा चपटा. चिमटे अंगाच्या मानाने दांडगे, शेपूट मात्र काडीएवढं. दिवसभर सालीखाली पडून असतो. रात्री फटीच्या तोंडाशी येऊन वाळवी, किडेमकोडे टप्प्यात यायची वाट बघतो. भक्ष्य चिमट्यांतच चिरडतो, नांगी क्वचितच वापरतो.

यंदा निघालेली मादी लेकुरवाळी होती. विंचू अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. ती पांढरीफटक पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत पाठीवरून उतरत नाहीत आणि तोवर काही खातही नाहीत. अंगातल्या साठ्यावरच जगतात. मग आईला खाणार कशी? ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणणाऱ्यांनी नीट पाहिलं होतं, एवढं खरं.

ती साल मी तशीच उचलून परसातल्या फणसाखाली ठेवली. पुतण्याकडे नोटा तपासायची निळी बॅटरी आहे. तिच्या उजेडात आई हिरवट चमकायची, पिल्लं मात्र नाही. घरच्यांनी मला वेड्यात काढलं, ते असो.

लाल विंचवाची गोष्ट वेगळी. बारीक चिमटे आणि जाड शेपूट दिसलं की जपायचं. तो चावला तर मंत्र-अंगारा न करता थेट दवाखाना गाठावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीने या विषावर इलाज दाखवून दिला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या एकाच्या पापाची चप्पल सगळ्या विंचवांवर पडते.

नऊ-दहा दिवसांनी साल उचलून पाहिली. आई धडधाकट होती, पाठीला पिल्लांच्या कातीची पांढरी सालपटं चिकटलेली. तीच पाहून कुणाला आई पोखरल्यासारखी वाटली असेल. पिल्लं पांगली होती. एक तेवढं अजून उतरायला तयार नव्हतं.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव