क्रँकवाल्या वस्तादांना जाहीर आभारपत्र

छत्रपती संभाजीनगर

आदरणीय वस्ताद,
सप्रेम नमस्कार.

एमजीए १५०० या जुन्या इंग्लिश गाडीचं इंजिन तुमच्या शेडमधून परत आलं, तेव्हा बिलासोबत तुम्ही मापांचा एक कागद दिलात. क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, कोणतं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) किती झिजलं होतं, आता कितीवर आणलं, कुठे किती गाळा (तेलासाठीची फट) ठेवला, कोणता नट कितीवर कसला, सगळं पेन्सिलने, स्वच्छ अक्षरात. इंजिन बांधणारे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. काय केलं ते आकड्यांत लिहून देणारे फार थोडे. ही गाडी पुढची कित्येक वर्षं नीट सांभाळता येईल ती त्या कागदाच्या भरवशावर. जुन्या गाड्या जपणाऱ्या बाकीच्यांनाही तो उपयोगी पडावा, म्हणून हे आभार चारचौघांत मानतो आहोत.

एमजीए ही १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झालेली दोन सीटांची गाडी. तिच्या १५०० मॉडेलचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आणि आपल्या ॲम्बेसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८८.९ मिमी, तीन मेन बेअरिंगचा क्रँक, ब्लॉकमध्ये कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि वर पुशरॉड. त्यामुळे काही सामान जुन्या ॲम्बेसेडरच्या साठ्यातून जमलं. तरी नाव सारखं आहे म्हणून तुम्ही काहीही बसवलं नाहीत. बेअरिंगचे शेल (जर्नलभोवतीच्या पातळ वाट्या) असोत की टायमिंग चेन, जुन्याशेजारी नवं ठेवून माप जुळल्यावरच ते बाकावर आलं. पिस्टनबद्दल तर तुम्ही ठाम होता. ॲम्बेसेडरचा पिस्टन बोअरमध्ये जाईल, पण कॉम्प्रेशन पडेल. एमजीए १५०० चं कॉम्प्रेशन ८.३ ला १ आहे आणि गाडीची सगळी मजा त्यातच आहे.

सगळ्यात मोठे आभार क्रँकचे. तो हातात येताच ग्राइंडिंगला लावायची घाई तुम्ही केली नाहीत. आधी रॉकेलमध्ये भिजवला, कोरडा पुसला, वर खडूची भुकटी मारली आणि तसाच ठेवून दिला. कुठे तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल भुकटीवर ओली रेघ उमटवतं. तडा नाही याची खात्री झाल्यावर मायक्रोमीटर निघाला. प्रत्येक जर्नल दोन दिशांनी आणि दोन टोकांना मोजलंत, कारण एकाच जागी मोजलं तर जर्नल ओव्हल झालंय की टेपर, ते कळतच नाही. एक थाऊच्या, म्हणजे ०.०२५ मिमीच्या वर फरक निघाला तर नुसत्या इमरी पेपरने भागत नाही. सगळी जर्नल दहा थाऊ अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा बारीक केलीत. मेन (ब्लॉकमध्ये फिरणारी) ५०.८० वरून ५०.५५ मिमी आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉड बसणारी) ४७.६५ वरून ४७.४० मिमी.

ग्राइंडिंग करणारे बरेच जण जिथे घसरतात ती जागा म्हणजे जर्नलचा कोपरा. जर्नल जिथे वेबला (क्रँकच्या पात्याला) मिळतं तिथली गोलाई तशीच ठेवावी लागते. दगडाची धार बिघडलेली असेल आणि तिथे काटकोन पडला, तर सगळा ताण त्या रेघेवर येतो आणि क्रँक नेमका तिथूनच तुटतो. तीन बेअरिंगचा क्रँक आधीच थोडा लवचीक, त्याला ही चूक सोसत नाही. तुम्ही दगड आधी ड्रेस करून, म्हणजे त्याची कड नीट करून घेतलात. शेवटी तेलाच्या भोकांच्या कडाही हलक्या हाताने मारल्यात, नाहीतर त्या धारेने नवा शेल खरवडला जातो.

मग गाळा. शेल आणि जर्नल दोन्ही कोरडे, जर्नलवर प्लास्टिगेजचा बारीक धागा आडवा, कॅप बसवून पूर्ण टॉर्क, आणि क्रँक तसूभरही न फिरवता कॅप परत काढायची. चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्ट्यांशी ताडून बघितला की गाळा समजतो. मेनसाठी पुस्तकातली हद्द अर्धा ते दोन थाऊ आहे. तुम्ही दीड थाऊ ठेवलात, तेही तिन्ही बेअरिंगना सारखा. कागदावर त्यापुढे कारणही लिहिलंय: "उन्हाळा". मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. तेल पातळ झाल्यावर दोन थाऊचा गाळा प्रेशर धरत नाही आणि अर्ध्या थाऊचा गाळा नव्या इंजिनात धोक्याचा.

मधल्या मेनच्या थ्रस्ट वॉशरांकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. त्यांच्या खाचा बाहेरच्या बाजूला, क्रँककडे तोंड करून बसल्या पाहिजेत. उलट्या बसल्या तर तेल पोचत नाही आणि वॉशर लवकर खलास होतो. क्रँकची पुढेमागे हालचाल दोन ते तीन थाऊ, डायल गेज लावून बघायची. गाडी चालवणाऱ्यालाही तुम्ही एक सांगून ठेवलंत, सिग्नलला क्लच दाबून थांबायचं नाही, न्यूट्रल करायचं. क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो आणि तो सगळा भार याच वॉशरांवर येतो.

बोअर वीस थाऊ ओव्हरसाइज, ७३.५३ मिमी. पिस्टन हातात येईपर्यंत तुम्ही बोअरला हात लावला नाहीत, कारण पाकिटावरचं माप आणि पिस्टनचं माप नेहमी जुळतंच असं नाही. प्रत्येक पिस्टन मोजून त्याचा बोअर त्याच्यापुरता केलात आणि नंबर ठोकलेत. पिस्टनची रिंग बोअरमध्ये घालून तिचं तोंड (दोन टोकांमधली फट) आठ ते तेरा थाऊच्या आत तपासलंत. ते कमी राहिलं तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर फाडतात.

होनिंगनंतरची (बोअरमध्ये दगडाने बारीक रेघा पाडल्यानंतरची) तुमची धुलाई मात्र प्रत्येक गॅरेजने शिकावी अशी आहे. आपल्याकडे होन झालं की डिझेल मारायचं, हवा मारायची आणि रिंग घालायच्या, अशी पद्धत पडलीय. डिझेल आणि रॉकेल दगडाची भुकटी बाहेर काढत नाहीत, ती होनच्या रेघांमध्ये आणखी आत बसवतात. मग नव्या रिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्येच झिजतात आणि दोष रिंगच्या कंपनीला जातो. तुम्ही गरम पाणी, साबणाची भुकटी आणि कडक ब्रश घेतलात. पांढरं फडकं बोअरमधून फिरवलं, राखाडी निघालं, पुन्हा धुतलं. फडकं पांढरंच बाहेर आलं तेव्हा लगेच तेलाचा हात फिरवलात, कारण उघडं बीड बघता बघता तांबडं पडतं. तेलाच्या गॅलरीचे प्लग काढून आत तारेचा ब्रश घातलात आणि क्रँकच्या आतली भोकंही तशीच साफ केलीत.

आधीच्या कोणीतरी चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पॅकिंगला सिलिकॉन इतकं फासलं होतं की त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकलेले निघाले. प्रेशर कमी येण्याचं निम्मं कारण तिथेच होतं. या इंजिनाला मागच्या मेनवर रबरी सील नाही. क्रँकवरच्या आट्यांसारख्या खाचा तेल परत आत ढकलतात. त्यामुळे थोडा ओलसरपणा राहणारच, तो सिलिकॉनने बंद होत नाही. थेंब वाढले तर बेअरिंगचा गाळा तपासा आणि ब्रीदरची (इंजिनातली हवा-वाफ बाहेर सोडणारी) नळी तुंबलीय का बघा, हे तुमचं सांगणं आम्ही भिंतीवर लिहून ठेवलंय.

हेडचं काम त्या मानाने सरळ झालं. देशात २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद आहे, आणि या हेडच्या सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या जागा) थेट बिडातच कापलेल्या. म्हणून एक्झॉस्टला कडक इन्सर्ट घातलेत, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातात आणि टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) आपोआप मिटतो. व्हॉल्व्हचे गाइडही बदललेत. ॲक्सिलरेटर सोडल्यावर निळा धूर आला तर गाइड, चढावर जोर देताना आला तर रिंग, हा तुमचा ठोकताळा.

रॉकरबद्दलचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांबद्दलचा) इशारा ठळक अक्षरात द्यायलाच हवा. हेडच्या अकरा नटांपैकी चार नट रॉकरचे ब्रॅकेटही धरतात. फक्त रॉकर काढायचा म्हणून तेवढे चार ढिले केले तर हेड वाकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये नाहीतर चेंबरमध्ये उतरतं. म्हणून रॉकर खोलायचा असला तरी आधी पाणी काढायचं आणि बाहेरचे सात नटही क्रमाने थोडे थोडे ढिले करायचे. कसण्याची मापं तुमच्या कागदावरून जशीच्या तशी: मेन ७० फूट-पाउंड, बिग एंड ३५, हेड ५०, रॉकरचे छोटे नट २५. न्यूटन-मीटरचा पाना असेल तर ९५, ४७, ६८ आणि ३४.

टॅपेट गरम इंजिनावर सतरा थाऊ, म्हणजे ०.४३ मिमी. कोणता कधी सेट करायचा यासाठी नऊची बेरीज लक्षात ठेवायची. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर पहिला सेट करा, सहावा उघडा असेल तर तिसरा, चौथा उघडा असेल तर पाचवा. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ, प्लगचा पंचवीस, टायमिंग (ठिणगीची वेळ) इंजिन बंद असताना, पिस्टन माथ्याला पोचण्याच्या सात अंश आधी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. इथे काही गुपित नाही.

पहिल्या स्टार्टच्या वेळी मात्र खरी शिस्त लागते. नव्या कॅमवर जुने फॉलोअर (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे) कधीच घालायचे नाहीत, आणि ते तुम्ही घालूही दिले नाहीत. ऑइल पंप आधी तेलाने भरला, प्लग काढून स्टार्टर मारला आणि मीटरवर प्रेशर दिसल्यावरच प्लग लावले. इंजिन चालू होताच थेट २००० आरपीएमवर वीस मिनिटं. सुरुवातीलाच आयडलवर ठेवलं तर कॅमवर तेल नीट उडत नाही आणि लोब (कॅमचे उंचवटे) गोल होऊन बसतात. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल, झिंक भरपूर असलेलं. नव्या गाड्यांच्या पातळ सिंथेटिक तेलात झिंक कमी असतं आणि अशा सपाट फॉलोअरना ते पुरत नाही. चालत्या गाडीत प्रेशर ३० ते ८० पाउंड आणि गरम आयडलला १० ते २५ यायला हवं.

आता आपल्या भागाच्या दोन खास अडचणी. पहिली पाण्याची. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं, त्यामुळे ब्लॉकच्या मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरभोवती, गंज आणि क्षाराचा थर इतका घट्ट बसला होता की ड्रेनचा कॉक उघडूनही थेंब येईना. पाण्याचा काटा मधोमध आणि चौथा पिस्टन भाजलेला, हे त्यामुळेच होतं. तुम्ही कोअर प्लग काढून तो थर सळईने खरवडलात. आता डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट यांखेरीज काही पडत नाही, आणि दर दोन वर्षांनी ते बदललं जातं. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची सवयही तुम्ही मोडलीत. इंजिन पुरेसं तापलं नाही तर तेलातली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही आणि बेअरिंगचं आयुष्य घटतं.

दुसरी अडचण ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलची. उसाच्या आपल्या पट्ट्यात इथेनॉलचं महत्त्व आम्ही नाकारत नाही, पण एसयू कार्बोरेटरची ही जोडी त्यासाठी बनलेली नाही. जुने रबरी पाइप फुगतात, जेटच्या बुचाच्या सील सुकून गळतात. पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाकले. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) पडतं, म्हणून जेट कार्बोरेटरच्या आतल्या पुलाशी सपाट करून त्याचा नट बारा फ्लॅट (नटाच्या बाजू) फिरवून खाली आणायचा आणि तिथून आणखी एक-दोन फ्लॅट. मग कार्बोरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचलून बघायचं. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), पडला तर लीन, क्षणभर किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्याने दुपारी गाडी थांबवली की फ्लोटमधलं पेट्रोल उकळतं. हीट शील्ड नीट बसवलं आणि थांबल्यावर बॉनेट उघडं ठेवलं की त्रास बराच कमी होतो. महिनोन्महिने उभ्या गाडीत हे पेट्रोल ओल धरतं, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फेरी हवी. पोर्चमध्ये दहा मिनिटं आयडलवर चालवून काही साधत नाही.

पेरणीच्या तोंडावर तुमच्याकडे ट्रॅक्टर आणि डिझेल पंपांची रांग असते, आणि शेतकऱ्याचं काम आधी हे तुमचं धोरण आम्हाला पूर्ण मान्य आहे. त्या ट्रॅक्टरांमुळेच आपल्याकडे क्रँक ग्राइंडिंगचं मशीन आणि ते चालवणारा हात अजून टिकून आहे. त्या गर्दीतही तुम्ही या एका इंजिनाला ट्रॅक्टरइतकाच मान दिलात, थोडाही कमी नाही.

८०० किलोमीटर झाले की तेल बदलून, हेड थंड असताना नट क्रमाने ५० वर तपासून, मग टॅपेट बघायचेत. गाडी तेव्हा तुमच्याच दारात आणू. कागदाच्या मागच्या बाजूला ते रीडिंग लिहायला जागा ठेवलीय, तिथे तुमच्या हातचे आकडे हवेत. वस्ताद, मनापासून आभार.

आपले ऋणी,
मराठवाड्यात जुन्या गाड्या सांभाळणारे आम्ही सगळे