दवाखान्याच्या गेटवर समुद्राच्या भरतीची वेळ लिहा की!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागं तुमच्या पेपरात पावसाळ्याची स्पेशल पुरवणी आली होती. कांदाभजी, मक्याचं कणीस, मरीन ड्राइव्हच्या लाटा आणि शेवटच्या पानावर मुंबईकर कसा गुडघाभर पाण्यातून पण ऑफिस गाठतो त्याचं नेहमीचं कौतुक. मी ती पुरवणी जाहिरातींसकट वाचली कारण मी तेव्हा परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूच्या बाहेर बसून होते, वडलांची बायपास झालेली, भेटायची वेळ संध्याकाळची, तोवर करायचं काय. आणि माझ्या शेजारी जे बसले होते ते नांदेडचे, जळगावचे, एक कुटुंब कणकवलीचं, एक तर उत्तर प्रदेशातनं आलेलं. मुंबईचं जवळपास कुणीच नाही. परळ म्हणजे केईएम, टाटा, वाडिया, अर्ध्या महाराष्ट्राचे पेशंट तिथं, आणि पावसाबद्दल तुम्ही जे काही छापता ते सगळं लोकलनं जाणाऱ्या माणसाला समोर ठेवून. हे पत्र त्यासाठी.

आम्ही लातूरचे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते आमचं लातूर. आमच्याकडं वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडला तर चांगलं वर्ष म्हणतात, इथं तेवढा एका जुलैत पडून जातो. अण्णांच्या घशातली नळी काढल्यावर मला वाटलं पाणी मागतील नाहीतर आईला विचारतील, तर पहिला प्रश्न काय, "तिकडं पडला का?" सोयाबीन पेरून आले होते ना. मी खोटंच सांगितलं, पडला म्हणून. बाहेर खिडकीवर असा आवाज चालू होता की त्यांना खोटं वाटायचं कारणच नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. रात्री पुरुषांच्या वॉर्डात बाई माणसाला थांबू देत नाहीत, त्यामुळं रात्री भाऊ थांबायचा आणि मी नायगावला मावशीकडं जायची. परळ ते नायगाव अंतर काहीच नाही, पण मधी हिंदमाता. हा भाग बशीसारखा खोलगट आहे, चारी बाजूंचं पाणी तिथं गोळा होतं. पहिल्याच आठवड्यात दुपारी मावशीचा फोन, "अगं निघू नको आत्ता, भरती आहे." मला कळेना, समुद्र कुठं, हिंदमाता कुठं, भरतीचा इथं काय संबंध? लातूरच्या माणसाला भरती म्हणलं की पोलीस भरती आठवते!

मग चाळीतल्या एका रत्नागिरीच्या काकांनी नीट समजावून सांगितलं. पावसाचं पाणी नाल्यातनं शेवटी समुद्रातच जाणार, पण मुंबईच्या बऱ्याच नाल्यांची तोंडं इतकी खाली आहेत की समुद्र चढला की पाणी बाहेर जायच्या ऐवजी आतच यायला बघतं. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी जोराचा पाऊस, असं जुळून आलं की संपलं. पाऊस तितकाच पण ओहोटी असली तर तासाभरात रस्ता मोकळा. हिंदमाताचं पाणी साठवायला आता प्रमोद महाजन उद्यानाच्या आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाच्या खाली मोठाल्या टाक्या बांधल्यात, पाणी तिथं धरून ठेवायचं आणि समुद्र उतरला की सोडायचं. मावशी म्हणते आधीपेक्षा खूप फरक पडलाय. पडला असेल, पण मी गेले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत होतंच.

काकांनी अजून एक हिशोब शिकवला, तो मी वॉर्डातल्या सगळ्यांना सांगत सुटले. तिथीला पाऊणनं गुणायचं, जे येईल त्याच्या आसपास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. दिवसातनं दोन भरत्या, बारा-साडेबारा तासांच्या अंतरानं. अगदी मिनिटाला मिनिट जुळत नाही पण आपल्या कामापुरतं बरोबर येतं. आणि आमच्या खेड्यापाड्यातल्या बायकांना समुद्र माहिती नसला तरी तिथी पाठ असते, त्यामुळं नांदेडच्या काकूंनी तर दुसऱ्या दिवसापासून स्वतःच हिशोब करून नवऱ्याला डबा आणायला कधी पाठवायचं ते ठरवायला सुरुवात केली.

पण याच हिशोबातनं एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला कुठंच लिहिलेली दिसली नाही. सगळ्यात मोठ्या भरत्या अमावस्या-पौर्णिमेच्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांच्या, आणि त्या मुंबईत दिवसा येतात साधारण बारा ते दोन-अडीचच्या दरम्यान. आता डिस्चार्ज किती वाजता मिळतो हे ज्यांनी कुणी पेशंट घरी नेलाय त्यांना विचारा. सकाळी डॉक्टर राउंडला येणार, "आज जाऊ शकता" म्हणणार, मग समरी टाइप होणार, फार्मसीचं क्लिअरन्स, बिलिंग, योजनेचे कागद असतील तर त्यांचा वेगळा काउंटर, आणि पेशंट व्हीलचेअरवर गेटात येतो तेव्हा वाजलेले असतात एक-दीड. ओपीडी सुटते त्याच वेळेला. म्हणजे महिन्यातले जे वाईट दिवस आहेत त्या दिवसांत आपण पेशंटला नेमकं समुद्र सगळ्यात वर असताना रस्त्यावर आणून सोडतो.

आमचं तसंच झालं. गुरुपौर्णिमेचा दुसरा दिवस, ऑरेंज अलर्ट, डिस्चार्ज दीडला. बेड लगेच दुसऱ्याला दिलेला, त्यात हॉस्पिटलला मी दोष देत नाही, वेटिंगवर किती लोक असतात ते डोळ्यांनी बघितलंय. पण टॅक्सीवाला म्हणाला हिंदमाताकडनं जाणार नाही, दुसरा म्हणाला पूल चढून नेतो पण उतरल्यावर पाणी लागलं तर तिथंच सोडणार. अण्णा लॉबीत व्हीलचेअरवर, छातीशी उशी धरून. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, बायपासमधी छातीचं मधलं हाड कापून उघडतात आणि परत तारेनं बांधतात, ते जुळायला सहा ते आठ आठवडे जातात. खोकला आला की उशी छातीला घट्ट दाबायची. वजन उचलायचं नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही, आणि गाडीचा प्रत्येक खड्डा हाडात कळतो. त्यात शुगर. त्यात बायपासला जोडायला पायातली नस काढलेली, पोटरीपासनं वरपर्यंत टाके.

आणि खरी भीती त्या पायाची होती. साचलेल्या पाण्यात उंदरांचं, कुत्र्यांचं मूत मिसळलेलं असतं, त्यातनं लेप्टो नावाचा ताप होतो, आणि तो शिरतो जखमेतनं. महापालिकाच दर पावसाळ्यात सांगते की पायाला जखम असताना अशा पाण्यातनं चालला असाल तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. साध्या खरचटण्याला हे सांगतात, इथं तर हातभर टाके! पेशंटला असं पाण्यात उतरवायची वेळ आली तर आतल्या त्या सगळ्या निर्जंतुक खोल्या, मास्क, हात धुवा हात धुवा, त्याला काय अर्थ राहिला?

शेवटी मावशीनंच फोनवर सांगितलं, "दाजींना हलवू नका, पाच वाजेपर्यंत बसून राहा, पाणी उतरतंय." बसलो. वॉचमननं दोनदा उठवायचा प्रयत्न केला, मग एका सिस्टरनं त्याला झापलं आणि चहा पण आणून दिला, तिचे उपकार. अण्णा ऑपरेशननंतर फुप्फुसाच्या व्यायामाला देतात ते तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं यंत्र काढून बसले, म्हणजे ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, पण सगळे फुंकायचंच म्हणतात. दोन चेंडू वर जायचे, तिसरा जागचा हलायचा नाही. पाचला खरंच रस्ता मोकळा झाला आणि टॅक्सीनं आरामात नायगावला आलो. साहेब, म्हणजे साडेतीन तास थांबणं एवढाच उपाय होता, आणि तो उपाय हॉस्पिटलमधी कुणीही सांगितला नाही, चाळीतल्या बाईनं सांगितला. आमची मावशी होती म्हणून. कणकवलीवाल्यांना निदान समुद्र कळतो, त्या यूपीच्या पोरानं काय करायचं?

भरतीचं वेळापत्रक काही ऐनवेळी ठरत नाही. वर्षभराचं आधीच छापून येतं, साडेचार मीटरच्या वरचे दिवस कुठले याची यादी महापालिका पावसाळ्याच्या आधी जाहीर करते, तुम्ही पण ती छापता. पाऊस कधी पडेल ते सांगता येत नाही हे मान्य, पण समुद्र कधी चढणार हे मिनिटासकट माहिती असतं. मग परळ भागातल्या प्रत्येक हॉस्पिटलच्या गेटवर आणि बिलिंगच्या खिडकीशेजारी एक साधा फळा का नाही? आजची भरती अमुक वाजता, उंची इतकी, अलर्ट कुठला, मराठीत आणि हिंदीत, खडूनं लिहिलं तरी चालेल. आणि त्या यादीतल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या पेशंटचे कागद आदल्या रात्रीच तयार ठेवा म्हणजे सकाळी दहाच्या आत माणूस बाहेर पडेल, नाहीतर त्याला संध्याकाळपर्यंत टेकायला एक कोपरा द्या, पंखा असलेला, लॉबीतनं उठवू नका. यात कुठं पूल बांधायचाय का टेंडर काढायचंय.

२६ जुलै २००५ चं उदाहरण सगळे देतात, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तसा दिवस आला तर फळ्यानं काही होणार नाही हे मला पण कळतं. मी बोलतेय ते दर महिन्यातल्या साध्या वाईट दिवसांबद्दल, ज्यांची बातमी पण होत नाही.

तुमच्याकडं पण एक तक्रार आहे. भरतीची वेळ तुम्ही छापता, पण कुठं, तर आतल्या पानावर हवामानाच्या चौकटीत, इतक्या बारीक अक्षरात की आयसीयूबाहेरच्या ट्यूबलाइटमधी चष्मा लावून पण दिसत नाही. जून ते सप्टेंबर ती पहिल्या पानावर आणा, सोन्याचा भाव छापता तेवढ्या अक्षरात. पेपर त्या बाकांवर खूप फिरतो, एक पेपर दहा जण वाचतात.

आमची पुढची तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी पोळ्याची. म्हणजे श्रावणी अमावस्या, म्हणजे परत भर दुपारी मोठी भरती, आणि ओपीडीचा नंबर लागायला बारा तरी वाजणारच. अण्णांना वेगळंच दुःख, बैलांना आपल्या हातानं घास द्यायचा होता. (बैलाजवळ उभं राहायला मी तशीही देणार नव्हते, एक हिसका बसला तर तारा तुटायच्या.) तारीख पुढं-मागं करून द्या म्हणून खिडकीवर विचारलं तर म्हणाले त्या डॉक्टरांची ओपीडी त्याच वाराला असते, पुढचा आठवडा फुल आहे. सकाळी आठचा नंबर तरी द्या म्हणलं, तर म्हणाले लाइनीत लवकर येऊन उभं राहा. तर आम्ही आदल्या दिवशीच मावशीकडं येऊन पहाटे लाइन लावणार आहोत. त्याच्या आत तुमच्या पेपरातनं कुणा अधीक्षकांच्या वाचनात हे आलं आणि एखाद्या गेटवर फळा लागला तर तेवढंच बरं.

कळावे,
एक वाचक, लातूर