मनू, पोचलीस ना

स्वारगेटला उतरल्याचा मेसेज बघितला. तू आईला सांगितलंस ते तिनं एसटी सुटल्यावर मला सांगितलं, मग स्टँडपासून पोवई नाक्यापर्यंत आम्ही दोघं काही न बोलता चालत आलो. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय आणि तो आधी मनात बघून मग करायचा म्हणे. मी चिडलेलो नाहीये, हे पहिलं वाच.

रात्री मोबाईलवर वाचत बसलो. मन आजारी असलं की वाईट काय होणार ते लख्ख दिसतं आणि चांगलं काही डोळ्यासमोर आणायला गेलं की धुरकट, त्यामुळं बूट घालायचीच इच्छा होत नाही. म्हणून जायच्या आधी ते चालणं बारीकसारीक बघायचं. स्वतःला लांबून बघायचं नाही, आपल्याच डोळ्यांनी बघायचं, लेस ओढली, जिना उतरले, गेटवरचा वॉचमन, दम लागलाय, परत येऊन घटाघटा पाणी प्यायले, जरा हलकं वाटतंय. मग लगेच उठायचं.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचा १९९९ चा एक अभ्यास आहे, १५६ लोक, सगळे माझ्यासारखे पन्नाशीपुढचे. काहींना व्यायाम, काहींना गोळ्या, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्हीकडं साधारण सारखाच फरक. आता हे वाचून तू गोळ्या बंद करशील म्हणून सांगू का नको असं झालंय मला. बंद करू नकोस. तुझ्या डॉक्टरांनी दोन्ही सांगितलंय ना, मग दोन्ही. भाऊंनी तेच केलं होतं, बरं वाटायला लागलं आणि दिल्या सोडून. एकदम सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, दुखणं उलटतं. कमी करायच्या तर डॉक्टर करतील.

लेक्चर झालं, सॉरी.

हिल मॅरेथॉनला यवतेश्वरच्या घाटात मी वळणावर लिंबूपाणी घेऊन उभा होतो, वर जाताना माझ्याकडं ढुंकून बघितलं नाहीस आणि उतरताना लांबूनच ओरडलीस, बाबा बाटली! शेजारचे विचारायला लागले, तुमची का पोरगी, तर मी नुसती मान हलवली, बोललो असतो तर रडलो असतो. मी म्हणत होतो तोच घाट डोळ्यासमोर आण. आई म्हणाली अजिबात नको, घाट आठवला की आता जमत नाही याचंच तिला वाईट वाटेल. तिचं बरोबर आहे. सोसायटीच्या गेटपर्यंतचं बघ, तेवढंच जा. डब्ल्यूएचओ आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम करा म्हणते, ते राहू दे सध्या. दहा मिनिटं चाललीस तरी मला पुष्कळ. आणि नाही जमलं एखाद्या दिवशी तर नाही जमलं, गोळी मात्र चुकवू नको.

बघ, परत तिथंच आलो.

१४४१६ हा टेलिमानसचा नंबर सेव्ह कर, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्री-अपरात्री पण उचलतात. आमच्याशी बोलवत नसेल तेव्हा तिथं बोल. आम्हाला वाईट वाटणार नाही. मला वाटेल थोडं, पण चालेल.

डब्यात चटणी खाली आहे, वर पेढे, रूममेटला दे. आणि पाकिटात गोळ्या किती उरल्यात ते आत्ता बघून कळव, रविवारी मेडिकल बंद असतं.

बाबा