पहिल्या जंगलवाटेसाठी माथेरानची फेरी

महोदय,

पावसाळा सुरू झाला की हरिहरच्या पायऱ्यांवर आणि कलावंतिणीच्या सुळक्यावर लागलेल्या रांगांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागतात आणि ज्यांनी कधी साधी टेकडीही चढलेली नाही, अशी माणसे लहान मुलांना घेऊन थेट तिथेच निघतात. डोंगराची आणि जंगलाची पहिली ओळख याहून पुष्कळ सोपी असायला हवी. त्यासाठी मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना सोयीचे माथेरान असताना त्याचा या दृष्टीने फारसा विचार होत नाही, याची मनापासून खंत वाटते.

माथेरानला येणारी बहुतेक कुटुंबे घोड्यावरून चार पॉइंट पाहतात, चिक्की घेतात आणि परततात. वास्तविक बाजारपेठेतून शार्लोट तलावाच्या दिशेने निघावे, लॉर्ड पॉइंट पाहून तलावाच्या काठी यावे, पिसारनाथाचे दर्शन घ्यावे आणि पुढे एको पॉइंट व लुईझा पॉइंट करून पुन्हा बाजारात परतावे, अशी साधारण पाच-सहा किलोमीटरची फेरी नवख्या माणसाला सहज झेपते. माथेरान सुमारे 800 मीटर उंचीवर असले, तरी खरी चढण दस्तुरी नाक्यापर्यंत गाडीनेच पार पडलेली असते आणि वरचा माथा बराचसा सपाट आहे. त्यातच खासगी मोटारींना गावात प्रवेश नसल्यामुळे मुलाचा हात सोडून निर्धास्त चालता येते, आणि हे सुख आपल्याकडच्या फारच थोड्या पर्यटनस्थळी उरले आहे.

या वाटेवरचे जंगल सदाहरित वळणाचे असल्यामुळे बराचसा रस्ता सावलीतून जातो. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य झाडे. त्यातली अंजनी मुलांना आवर्जून दाखवावी: एरवी गर्द हिरव्या पानांचे साधे झाड म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही, पण थंडी सरता सरता तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे झुबके अगदी खोडालगत चिकटल्यासारखे लागतात. पायाखालची लाल माती जांभ्या दगडाची आहे, हे सांगायला पुस्तकाची गरज पडत नाही, कारण तलावापर्यंत पोहोचेपर्यंत सगळ्यांच्या चपला एकाच रंगाच्या झालेल्या असतात. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो, तेव्हा गड चढण्याची हौस असलेल्यांना पुढचा टप्पाही डोळ्यांनी मोजता येतो.

काही पथ्ये मात्र पाळायलाच हवीत. सर्व पॉइंट कड्यावर आहेत, म्हणून कठड्याच्या पलीकडे कोणीही जाऊ नये आणि धुक्यात तर मुलांना जवळच ठेवावे. घोडा येताना दिसला की दरीकडच्या नव्हे, डोंगराकडच्या कडेला उभे राहावे. तलाव गावाच्या पाणीपुरवठ्याचा आहे, तेव्हा त्यात उतरू नये. खाऊची पिशवी हातात लोंबती ठेवू नये, माकडे ती हमखास ओढतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाट सोडू नये. जांभ्यावरचा मातीचा थर पातळ आहे. टापांनी आणि पावलांनी तो सुटा होतो आणि इथल्या मुसळधार पावसात वाहून जातो, मग झाडांची मुळे उघडी पडतात आणि माती तलावात साचते. वेळ वाचवण्यासाठी प्रत्येकाने वेगळी आडवाट पाडली, तर ज्या सावलीसाठी आपण येतो तीच विरळ होत जाईल. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, पण अशा पायवाटा अधिसूचनेने नव्हे, चालणाऱ्यांच्या वागण्यानेच टिकतात.

संबंधित यंत्रणांकडे मागणी एवढीच आहे की, ही फेरी एक सलग पायवाट म्हणून आखून जाहीर करावी. प्रत्येक फाट्यावर पुढचे ठिकाण, अंतर आणि लहान मुलांच्या चालीने लागणारा वेळ ठळक मराठीत लिहावा, वाटेवर निदान एके ठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय असावी आणि दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज या मिनी ट्रेनच्या स्थानकावर उतरताच दिसेल असा फेरीचा नकाशा लावावा. वाट मात्र मातीचीच राहू द्यावी, तिच्यावर फरशी किंवा काँक्रीट नको. या कामाला मोठा निधी लागत नाही, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबांची गर्दी सुरू होण्यापूर्वी पाट्या उभ्या राहाव्यात, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, बदलापूर