बंद पडणाऱ्या सेटिंग्जबद्दल तिसऱ्या मजल्यावरील ताईंना पत्र

ताईंस सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी आपण माझ्या डेस्कटॉपपुढे दोन तास घालवलेत, त्याबद्दल तोंडी आभार मानून झाले आहेत; तरी उबुंटू ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या उबुंटू २२.०४ मध्ये सेटिंग्ज उघडले की चौकट क्षणभर दिसून नाहीशी होत असे, त्यामुळे मराठी कळफलक जोडण्याचे साधे कामही आठवडाभर अडून राहिले होते. दुकानदाराने संगणक फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला होता (त्यांना प्रत्येक दुखण्यावर तेच औषध ठाऊक असावे). आपण मात्र प्रथम टर्मिनलमधून (टंकून आज्ञा देण्याच्या चौकटीतून) सेटिंग्ज सुरू केले आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ ही ओळ दाखवून सांगितले, की प्रोग्रामने आपल्या वाट्याची नसलेली मेमरी वापरू पाहिली म्हणून यंत्रणेने तो बंद केला.

त्यानंतर टर्मिनलमधूनच एक नवे खाते तयार करून आपण त्यात सेटिंग्ज उघडले, तेव्हा ते बिनतक्रार उघडले. डावीकडच्या यादीतील एकेक पान आपण शांतपणे दाबत गेलात, आणि ‘प्रिंटर्स’वर येताच चौकट गडप झाली! माझ्या खात्यात मी शेवटचे तेच पान पाहिले होते. सेटिंग्ज शेवटचे पान लक्षात ठेवून पुढच्या वेळी थेट तिथेच उघडते, त्यामुळे एका पानाचा दोष मला अख्ख्या प्रोग्रामचा वाटत होता. आवडीनिवडी साठवणाऱ्या ‘डीकॉन्फ’ची फाइलच उडवावी, असे मी सुचवले, तेव्हा त्याने माझ्या सगळ्याच आवडीनिवडी पुसल्या जातील, असे बजावून आपण ‘जीसेटिंग्ज रीसेट’ आज्ञेने केवळ ‘लास्ट-पॅनल’ ही शेवटच्या पानाची एकच नोंद पुसलीत. पुढे ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या (म्हणजे याच संगणकाच्या) ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कप्स ही छपाई सांभाळणारी यंत्रणा उघडून, केव्हाच भंगारात गेलेल्या माझ्या प्रिंटरची नोंद काढून टाकलीत, आणि मग ते पानही उघडू लागले.

हे पत्र त्याच संगणकावर, नव्याने जोडलेल्या मराठी कळफलकावर टंकलेले आहे. चाचणीसाठी केलेले खाते अजून तसेच आहे. ते काढण्याची आज्ञा आपण वहीत लिहून दिली आहे, पण ती चालवताना आपण शेजारी असाल तर बरे, चहा माझ्याकडे.

आपला कृतज्ञ शेजारी