'१०० टक्के शास्त्रसंमत' या शिक्क्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
आणि प्रमुख, कंटेंट टीम
(दोघांनाही, कारण दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात)

विषय: मरून परत आलेल्यांच्या अनुभवांची व्हिडिओ मालिका, वार्षिक वर्गणी परत मिळणे व शिक्का काढणे.

महोदय,

आत्ताच तुमच्या माणसाने फोन ठेवला. माझं बोलणं चालू असताना ठेवला. म्हणून आता लेखी.

मालिका तुमचीच, तेव्हा तिच्यात काय आहे ते सांगत बसत नाही. अनुभव सांगणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. हृदय बंद पडून वाचलेल्या काही जणांना काहीतरी दिसतं, याची नोंद डॉक्टरांनीही केली आहे. २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात ६२ जणांनी असा अनुभव सांगितला. तुमचा निवेदक पहिल्या भागात हे ६२ जण मोठ्या थाटात मोजतो. उरलेले २८२ त्याच्या घशातच राहतात. असो.

तक्रार शिक्क्याची आहे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात सोनेरी गोल, आत उघडं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, भोवती '१०० टक्के शास्त्रसंमत'. तो पाहून मी पैसे भरले आणि तो पाहूनच आमच्या चर्चच्या मंडळीतल्या भगिनींच्या सभेत मालिका लावली.

तिसऱ्या भागातल्या बाई सांगतात की पलीकडे प्रकाशाने काही विचारलं नाही, न्याय नाही, हिशेब नाही, सगळे सुखरूप घरी. पाचव्या भागातला गृहस्थ नरकात जाऊन येतो आणि तिथल्या कोठडीची लांबी-रुंदी सांगतो. दोन्हींवर तोच शिक्का. आमच्यातल्या एका आजींचे यजमान बाप्तिस्मा न घेता गेले. तिसऱ्या भागानंतर त्यांनी पदराने डोळे टिपले आणि सगळ्यांना चहा केला. पाचवा भाग अर्धा झाला तेव्हा त्या चपला शोधत होत्या. दारात मला विचारलं, 'यातलं शास्त्रातलं कुठलं?' तो प्रश्न मी तुमच्या कस्टमर केअरला विचारला.

त्या फोनचं रेकॉर्डिंग 'दर्जा तपासणीसाठी' तुमच्याकडे आहेच. काढून ऐका, नाहीतर माझ्याकडून ऐका. मी म्हणालो, शास्त्रात मेलेले उठले, पण पलीकडचं प्रवासवर्णन कोणी केलं नाही. बेथानी गावचा लाजर चार दिवस कबरेत होता, मग येशूने त्याला उठवलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात त्याला बघायला झुंबड उडते, मुख्य याजक त्याला मारायचा बेत करतात, आणि तिकडे काय पाहिलं याबद्दल त्याच्या तोंडी एक अक्षर नाही.

तुमचा मुलगा म्हणाला, 'सर, ऑर्डर लाजर सरांच्या नावावर आहे का?'

मी म्हटलं, नाही.

'मग त्यांचा रजिस्टर्ड मोबाईल नंबर द्या, चेक करतो.'

मी म्हटलं, अहो, बेथानीचा लाजर! कीबोर्डची टकटक ऐकू आली. 'सर, बेथानीचा पिन कोड?'

पोरावर राग नाही. त्याला कोणी काही शिकवलेलंच नाही. पण मग त्याने मला कंटेंट टीमच्या 'तज्ज्ञां'कडे जोडलं. थांबवलं तेवढा वेळ कानात एका स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळी, पुन्हा पहिल्या दोन ओळी. तज्ज्ञ आले. मी प्रेषित पौल काढला, बायबलमधली पत्रं लिहिणारा. करिंथकरांस दुसरे पत्र, बारावा अध्याय: तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेला गेलेला माणूस. पौल चौदा वर्षांनी ती गोष्ट काढतो, तीही परक्याची असल्यासारखी, आणि जे ऐकलं ते बोलायची माणसाला मुभा नाही म्हणतो. तुमच्या सातव्या भागातल्या काकांना मात्र वेशींचे रंगसुद्धा पाठ आहेत आणि आजोबांना पंख फुटलेले त्यांनी पाहिले. मेलेल्या माणसांना पंख फुटतात, हे शास्त्रात कुठे आहे तेवढं सांगा, मी वर्गणी सोडून देतो.

तज्ज्ञ म्हणाले, 'अनुभवापुढे वाद नसतो.'

बरं. मग सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ साली भारतातल्या १६ जणांचे अनुभव छापले, त्यांचं काय? त्यात यमदूत येऊन नेतात, वही उघडली जाते, भलताच माणूस आणल्याचं कळतं आणि परत पाठवणी होते. लावा त्यालाही सोनेरी गोल! 'ते वेगळं, ते त्यांच्या धर्माचं,' तज्ज्ञ म्हणाले. म्हणजे वाद अनुभवापुढे नसतो, पण गिऱ्हाईक बघून असतो.

शेवटी मी लूकच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय वाचून दाखवला. मेल्यावर यातनेत पडलेला श्रीमंत मनुष्य विनवतो की मेलेल्यांतून कोणाला तरी माझ्या भावांकडे पाठवा. पूर्वज अब्राहाम म्हणतो, त्यांच्याजवळ मोशे आणि संदेष्टे (म्हणजे शास्त्र) आहेत, त्यांचं ऐकत नसतील तर मेलेला उठून गेला तरी पटायचं नाही. तुमच्या मालिकेचा प्रस्ताव शास्त्रात आधीच मांडला गेलाय आणि नामंजूर झालाय, असं मी म्हणालो. त्यावर तज्ज्ञ जरा थांबले आणि म्हणाले, 'साहेब, तुम्ही कधी मेला आहात का?'

नाही. वर्गणीच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं नव्हतं.

इब्री लोकांस पत्र, ९:२७. माणसाने एकदाच मरायचं आणि मग न्याय. तुमची माणसं खरोखर मेली असतील, तर तो न्याय मालिकेतल्या जवळजवळ कोणालाच कसा दिसला नाही? मेली नसतील, तर 'मृत्यूपलीकडून थेट साक्ष' हे शीर्षक खोटं. (लाजर दोनदा मेला हे मला कळतं. त्याला प्रभूने उठवलं, आयसीयूतल्या शॉकने नव्हे.) काहीच जुळत नाही असं मी म्हणत नाही. प्रकाश आहे, शांती आहे. दगडमार होण्याआधी स्तेफनाने, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याने, आकाश उघडलेलं पाहिलं. पण थोडं जुळतं म्हणजे १०० टक्के नव्हे.

आणि सहावा भाग! अमेरिकेतल्या ओहायोतला तो मुलगा, २००४ चा अपघात, स्वर्गात जाऊन आल्याचं २०१० चं पुस्तक. जानेवारी २०१५ मध्ये त्याने स्वतः पत्र लिहिलं की मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लोकांचं लक्ष वेधायला तसं सांगितलं. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट अधिवेशनाने (हा तिथल्या मंडळ्यांचा संघ) ठराव केला होता की परलोकाविषयी असल्या साक्षींपेक्षा शास्त्र पुरेसं आहे. तुमच्याकडे त्या मुलाची गोष्ट आजही चालू आहे, मराठी डबिंगसकट, आणि कोपऱ्यात शिक्का. ज्याची साक्ष त्यानेच मागे घेतली, तीही १०० टक्के शास्त्रसंमत!

शिक्क्याचं पुन्हा सांगतो, कारण प्रत्येक फोनवर तुम्ही मला ॲप पुन्हा इन्स्टॉल करायला सांगता. माझं ॲप व्यवस्थित चालतंय. शिक्का खोटा आहे.

आमच्या वडिलांनी तुमच्याकडून गीतांच्या कॅसेट घेतल्या. त्यावर असले शिक्के नव्हते, गरजही नव्हती. आता तुम्हाला स्वर्ग मोफत ट्रायलवर द्यायचा आहे आणि पुढे ऑटो-रिन्यूअल.

वार्षिक वर्गणी पूर्ण परत करा. 'क्रेडिट पॉइंट' नकोत. सहावा भाग काढा, बाकी सगळ्यांवरचा शिक्का काढा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तिथे मला कोणी बेथानीचा पिन कोड विचारणार नाही.

उत्तर लेखीच हवं. फोन करू नका.

आपला वर्गणीदार
(नूतनीकरण बंद केलेला)